शेवगावचं प्रशिक्षण आणि माझे कान

शाळेच्या मोबाईल ग्रुपवर तो आदेश आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी शेवगावला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला हजर राहायचं होतं. विषय होता, भाषा शिकवताना संगणकाचा वापर. बाकीच्यांनी नेहमीसारखी कुरकुर केली. ऐन परीक्षेच्या तोंडावर हे कशाला, या उन्हात रोज एसटीनं कोण जाणार, असं चाललं होतं. मी मात्र आदेशातली एकच ओळ परत परत वाचत होते : 'श्रवणकौशल्यावर विशेष भर.' मी डबा तसाच झाकून ठेवला.

मला कमी ऐकू येत होतं, आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तिसगावजवळच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवते. माझी सगळी नोकरी याच भागात गेली. कान एकदम गेले नाहीत. आधी कुकरची शिट्टी दुसऱ्या घरातली वाटायला लागली. मग फोनवर बोलणाऱ्यांचे 'स' आणि 'श' गळून पडायला लागले. मग पोरींचे आवाज. मुलं बरी ऐकू यायची, नववी-दहावीत त्यांचे आवाज फुटलेले असतात. मुलींचे बारीक आवाज मात्र पहिल्या बाकापर्यंत येऊन विरून जायचे. मी ओठ वाचायला शिकले. कुणी शिकवलं नाही, गरजेनं आपोआप जमलं. पण ओठ सगळं सांगत नाहीत. पान, बाण, मान हे तीन शब्द ओठांवर अगदी एकसारखे दिसतात. मग अंदाज बांधायचा. वर्गात प्रकट वाचन ठेवायचं म्हणजे पुस्तकात बोट ठेवून मागोमाग जाता येतं. प्रश्न विचारला की बाकांमधून फिरत त्या मुलीशेजारी जाऊन उभं राहायचं. सगळे हसले की हसायचं.

घरी अडत नव्हतं. मिस्टर सुप्याच्या एमआयडीसीत प्रेस मशिनवर आहेत. शनिवारी घरी येतात आणि मशिनच्या आवाजावर बोलायची सवय झाल्यामुळे घरातही ओरडूनच बोलतात. शेजारणीला वाटायचं आमची भांडणं चाललीत. मला ते बोलणं गोड वाटायचं, कारण त्यातला एकही शब्द निसटत नसे.

का नाही सांगितलं? माझे वडील म्हातारपणी बहिरे झाले होते. आधी गावातली माणसं त्यांच्या कानाशी येऊन ओरडायची, नंतर हसायची, आणि शेवटी त्यांच्याशी बोलायचंच सोडून दिलं. ते ओट्यावर बसलेले असत आणि माणसं त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दलच बोलत. ते मी पाहिलं होतं. आणि त्यातून मी भाषेची शिक्षिका. गणिताच्या सरांना कमी ऐकू आलं तर एक वेळ चालेल. मुलांचे उच्चार सुधारायचे ते माझं काम, आणि मलाच ऐकू येत नाही हे कळलं तर? वैद्यकीय मंडळापुढे उभं करतील, घरी बसवतील, असं काय काय मनात यायचं. खरं काय होतं ते कुणाला विचारायचीही भीती वाटायची, कारण विचारलं की विचारण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

पहिल्या दिवशी सकाळी मी आणि आमच्या शाळेतली हिंदीची शिक्षिका तिसगावच्या स्टँडवरून निघालो. ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. तिच्या पणजोबांपासून घराणं ख्रिस्ती, आणि तेव्हापासून घरात कुणी ना कुणी शिक्षक आहेच. ती मला ताई म्हणते. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बोलत होती आणि मी 'हं, हं' करत होते. मध्येच तिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "ताई, बरं वाटत नाहीये का?"

"रात्री झोप झाली नाही," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

प्रशिक्षण शेवगावातल्या एका शाळेच्या संगणक कक्षात होतं. लांबट खोली, एकच दार, खिडक्यांना गज. भिंतींना लागून टेबलं, त्यावर संगणक, म्हणजे बसलं की तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे.  बोलणारा माणूस कायम माझ्या पाठीमागे असणार होता. मी दारापासून सगळ्यात लांबचा कोपरा पकडला. निदान एका बाजूला तरी भिंत होती, तिथून कुणी काही विचारणार नव्हतं. हिंदीची बाई माझ्या दुसऱ्या बाजूला बसली.

शिकवायला आलेले सर साधारण माझ्याच वयाचे होते. इंग्रजीचे शिक्षक, स्वभावानं मोकळे, पण दाट मिशा. मिशांनी वरचा ओठ सगळा झाकलेला. मला त्या माणसाचा रागच आला.

पहिलाच सराव श्रुतलेखनाचा निघाला. हेडफोन घालायचे, संगणक एक उतारा वाचून दाखवेल, तो ऐकून टाईप करायचा. चुकलेला शब्द लाल होणार होता आणि सगळ्यांचे निकाल समोरच्या मोठ्या पडद्यावर दिसणार होते. मी हेडफोन घातले. आत कुणीतरी भिंतीपलीकडून कुजबुजावं तसा आवाज आला. माझे तळहात घामानं ओले झाले, कीबोर्डवरची बोटं घसरायला लागली. आजूबाजूचे सगळे टाईप करत होते. मी तिरप्या नजरेनं शेजारच्या पडद्याकडे पाहिलं आणि हिंदीची बाई जे लिहीत होती ते लिहीत गेले.

निकाल पडद्यावर आले. सर आमच्या मागे येऊन थांबले, हे मला त्यांच्या सावलीवरून कळलं. मी वळले.

"तुम्हा दोघींच्या चुका अगदी सारख्या आहेत की," ते हसत म्हणाले. "एकाच शाळेच्या ना?"

सगळे हसले असावेत, कारण मला बऱ्याच जणांचे दात दिसले. मीही हसले.  हिंदीची बाई हसली नाही. ती आपल्या पडद्याकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी ठरवलं की उद्यापासून जायचं नाही. ताप आला म्हणून कळवायचं. पण सकाळी तिचा मेसेज आला, "मी स्टँडवर आहे, तुम्ही निघालात ना?" आणि मी निघाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या हाती एक गोष्ट लागली. हेडफोनच्या वायरीवर एक छोटं चाक होतं. ते फिरवलं की आवाज वाढतो, आणि पडद्यावरूनही आणखी वाढवता येतो. कुणाला न कळू देता मी दोन्हीकडून आवाज शेवटच्या टोकापर्यंत नेला. सरांनी त्या शाळेतल्या मुलामुलींची वाचनं आदल्या आठवड्यातच रेकॉर्ड करून ठेवली होती. मी त्यातलं एक सुरू केलं, आणि एक मुलगी वाचू लागली. आठवीतली असेल. बारीक, थोडा चिरका आवाज. 'पाणी'ला ती 'पानी' म्हणत होती, 'शाळेत'मधल्या 'श'वर जराशी शिटी वाजत होती. मला ती शिटी ऐकू आली. 'श' कसा असतो हे मी विसरले होते, हे मला तेव्हा कळलं. डोळे भरून आले. मी पडद्याच्या अगदी जवळ सरकले, म्हणजे चेहरा कुणाला दिसू नये.

त्यानंतर मी हेडफोन सोडेनाच. चहाला सगळे बाहेर जायचे, मी 'थोडं राहिलंय' म्हणून बसून राहायची. सरांना वाटलं, बाईंना भलताच रस आहे. त्यांनी दोनदा माझं सर्वांसमोर कौतुक केलं, आणि दोन्ही वेळा नेमकं काय म्हणाले ते हिंदीच्या बाईनं मला हळूच सांगितलं. ती ते का सांगतेय, याचा मी विचार केला नाही.

चौथ्या दिवशी प्रत्यक्ष पाठ होते. त्या शाळेतली आठवीची मुलं खोलीत आली. प्रत्येक शिक्षकाला एक-एक मूल दिलं. मुलानं उतारा वाचून रेकॉर्ड करायचा, आपण ऐकून उच्चार दाखवायचे, मग परत वाचायचा. माझ्याकडे दोन वेण्यांची, धीट डोळ्यांची एक मुलगी आली.

"वाचू का बाई?" तिनं विचारलं. हे ओठांवर वाचणं सोपं होतं.

तिनं वाचलं. मी हेडफोन घातले, आवाज पूर्ण वाढवला आणि ऐकायला लागले. मधेच तिनं माझ्या दंडाला हात लावला. मी ओझरतं पाहिलं. ती काहीतरी बोलली. मला वाटलं, 'बाई, पुरं झालं' म्हणाली. मी हसून मान हलवली, "छान, थांब जरा," म्हणाले आणि डोळे मिटून पुढचं ऐकू लागले. डोळे मिटले की आवाज जास्त स्पष्ट यायचा.

आवाज मध्येच तुटला.

एका शब्दाच्या अर्ध्यात. कानात काहीच उरलं नाही. घरघर नाही, गुणगुण नाही. आणि मला वाटलं, संपलं. उरलेसुरले कानही गेले. पूर्ण आवाज लावून आपणच ते जाळून टाकले.  मी डोळे उघडले. पडदा काळा होता. म्हणजे लाईट गेली, कान नव्हे. हुश्श करून मी मुलीला काहीतरी सांगायला वळले.

मुलगी नव्हती. शेजारी हिंदीची बाई नव्हती. खोलीत कुणीच नव्हतं. खुर्च्या वाकड्यातिकड्या पडलेल्या, एक चप्पल उलटी, आणि दाराच्या बाजूच्या टेबलाखालून काळपट धूर वर येत होता. तिथे संगणकांच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ठेवलेल्या होत्या. जळक्या रबराचा वास तेव्हा कुठे माझ्या नाकात शिरला. मी पंख्याखाली बसले होते आणि माझ्या बाजूच्या खिडकीतून दाराकडे वारा जात होता म्हणून असेल, किंवा माझं सगळं लक्ष कानांतच होतं म्हणून असेल.

मी उठले, पण हेडफोन गळ्यात अडकले आणि वायरीनं मागे ओढलं. ते काढायचं सुचेना. खिडकीकडे पाहिलं, तिला गज. दाराकडे पाहिलं, मध्ये धूर. मी ओरडले असेन, पण माझा आवाजही मला नीट ऐकू आला नाही. एवढी माणसं बाहेर गेली आणि आपल्याला कुणीही सांगितलं नाही, असं वाटलं. मग लगेच कळलं की सांगितलं असणार. सगळ्यांनी सांगितलं असणार.

धुरातून हिंदीची बाई आत आली. पदर नाकाला, डोळे बारीक केलेले. तिनं माझं मनगट धरलं आणि हेडफोनसकट ओढलं. वायर कुठेतरी तुटली. तिची बोटं माझ्या हातात रुतली होती. आम्ही व्हरांड्यात येऊन पडलो म्हटलं तरी चालेल.

आग मोठी नव्हती. शिपायानं वाळूच्या बादल्या ओतल्या, मेन स्विच आधीच बंद केला होता, थोड्या वेळात धूर निवळला. कुणाला काही झालं नाही. एक टेबल तेवढं काळं पडलं.  कुणीतरी पाणी दिलं, ते निम्मं साडीवर सांडलं. सर समोर येऊन वाकले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता.

"मॅडम, मी दारातून किती ओरडलो! सगळे बाहेर आले. तुम्ही का आला नाहीत?"

ती मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यातून पुढे, माझ्या अगदी समोर आली. ती रडलेली होती. "म्या सांगितलं हुतं बाईंना," ती सरांना म्हणाली. "म्हनलं, बाई, धूर आला. तर बाई हसल्या. म्हनल्या, छान, थांब जरा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला ती मुलगी दिसत होती, आणि तिच्या जागी दुसरी एखादी दिसत होती, जरा भित्री, बाईंनी थांब म्हटलं म्हणून थांबलेली. त्या विचारानं माझी जीभ सुटली. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. एका भीतीनं दुसरीला बाजूला सारलं, एवढंच.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणाले. "हेडफोनमुळे नाही. एरवीही येत नाही. बरीच वर्षं झाली."

व्हरांड्यात काय शांतता पसरली ते मला सांगता येणार नाही. मला सगळीच शांतता सारखी. पण माणसं हलायची थांबली.

हिंदीची बाई माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती. ती माझ्याकडे तोंड वळवून, ओठ नीट हलवत म्हणाली, "ताई, मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं तरी झाली. स्टाफ मीटिंगमध्ये तुम्ही मुख्याध्यापकांकडे बघायच्याच नाहीत, त्यांच्या ओठांकडे बघायच्या. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." मग तिचा चेहरा वाकडा झाला. "आज माझ्याकडे दिलेल्या मुलाला घेऊन धावले, बाहेर येऊन मोजलं तर तुम्ही नाही. मी थांबायलाच नको होतं."

संध्याकाळी परतीची एसटी मिळाली. ती माझा हात धरून बसली होती.

पाचव्या दिवशी जाणं मला पहिल्या दिवसापेक्षाही जड गेलं. आता सगळ्यांना माहीत होतं. वर्ग दुसऱ्या खोलीत भरवला होता, सरांनी स्वतःचा लॅपटॉप आणला होता. त्यांनी मला काही विचारलं नाही, सहानुभूतीही दाखवली नाही. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला, माईक लावला आणि बोलायला लागले. त्यांचं बोलणं पडद्यावर अक्षरं होऊन उमटत गेलं. 'मॅडम हे मी काल दुपारी दाखवणार होतो बोललेलं टाईप होतं आता कुणालाही बोलू द्या.' विराम नाहीत, काही नाही, नुसती ओळ पळत होती. मिशांच्या मागचं सगळं बोलणं मला पहिल्यांदा दिसलं.

मग त्यांनी त्या दोन वेण्यांच्या मुलीला बोलावलं आणि म्हणाले, बोल काहीही. ती माईकजवळ तोंड नेऊन म्हणाली. पडद्यावर आलं : 'बाई आता तुम्हाला बर हाय काम लय भ्या वाटलं.' मशिनला तिची बोली धड कळली नव्हती. मला कळली. 'बरं हाय का? मला लई भ्या वाटलं.' मी तिला म्हणाले, "मलाही वाटलं गं." ती मान डोलवून पळाली.

खरी भीती त्यानंतरची. सोमवारी मी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेले. माझ्याआधी बातमी पोचली होतीच. त्यांनी खुर्ची दिली, मोठ्यानं आणि तुटक बोलले, जसं माझ्या वडिलांशी लोक बोलायचे तसं. "तपासणी करून घ्या. दाखला आणा. मग बघू." 'मग बघू' हे शब्द मी कितीतरी दिवस डोक्यात घोळवत होते. पुढच्या शनिवारी मिस्टरांना सांगितलं. ते त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, तुला माझं बोलणं आवडतं म्हणून तू मला हळू बोल म्हणत नाहीस." मी म्हणाले, "तेही खरंच आहे."

नगरला कान तपासले. काचेच्या बंद पेटीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मला आवाज येत नव्हते तेव्हा काचेपलीकडच्या बाईंचा चेहरा बघत होते आणि त्या माझा. पेटीतून बाहेर यावंसं वाटेना. शेवटी त्यांनी सांगितलं की नस कमजोर आहे, जे गेलं ते परत येणार नाही, पण दोन्ही कानांत मशिन लावून शिकवता येईल. तसा दाखला मिळाला. मुख्याध्यापकांनी तो वाचला आणि म्हणाले, "ठीक आहे. तास चालू ठेवा." एवढंच. इतक्या वर्षांची माझी धास्ती त्यांनी एका वाक्यात निकालात काढली. मला बरं वाटायला हवं होतं, पण व्हरांड्यात येऊन मी रडले.

कानातल्या मशिनची सवय व्हायला वेळ लागला. भांड्याला भांडं लागलं तरी मी दचकायची. फळ्यावरचा खडू किंचाळायचा. रस्त्यावरून टेम्पो गेला की मी भिंतीला चिकटायची. वर्गात टेबलावर माझ्याकडे पडदा करून शाळेचा लॅपटॉप ठेवते, मुलं बोलतात ते त्यावर उमटतं, आणि उमटलेलं चुकीचं असलं की मी ते फळ्यावर लिहिते आणि आम्ही सगळे मिळून ते दुरुस्त करतो. शुद्धलेखनाचा याहून चांगला तास मला कधी जमला नव्हता. पहिल्याच दिवशी मी दहावीला सगळं स्पष्ट सांगितलं. प्रश्नांचा पाऊस पडला. मशिन रात्री काढता का, त्यात गाणी लागतात का. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ते बंद पडलं तर आमी काय बोलतोय ते तुमाला कळनार न्हाई?"

"ओठ दिसले तर कळेल," मी म्हणाले.

आठवडाभरानं एका सकाळी मी कविता शिकवत होते. एक प्रश्न विचारला. पहिल्या बाकावरची मुलगी उठून उत्तर देऊ लागली. ओठ हलत होते, आवाज नाही. दुसरीला उठवलं, तेच. मग एक मुलगा उठला, तोंड भरभरून हललं, आणि माझ्या कानात नुसती पोकळी. लॅपटॉपवर नजर टाकली, पडदा कोरा.  हात आपोआप कानाकडे गेला. मशिन चालू होतं. म्हणजे आता उरलेलंही गेलं. साठ पोरांसमोर, भर तासात.

मग मला खिडकीशी बसलेल्या एकीचे खांदे हलताना दिसले. तिनं तोंडावर वही धरली होती. तिच्या मागच्या मुलाचा चेहरा लाल झाला होता. आणि त्या पूर्ण शांततेत मागून कुणीतरी दाबून धरलेलं हसू फुस्सकन सुटलं. ते मला ऐकू आलं. स्पष्ट.

"कुणाची ही आयडिया, नुसते ओठ हलवायची?" मी ओरडले. 

सगळा वर्ग फुटला. इतका मोठा कल्लोळ झाला की मला दोन्ही कानांतली मशिनं काढून टेबलावर ठेवावी लागली. शेजारच्या वर्गावरची हिंदीची बाई धावत दारात आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. मी खुर्चीत बसले होते, एक हात छातीवर, आणि हसू की ह्यांना फटकावू ते मला ठरवता येत नव्हतं.